सुटलेल्या वेलांट्या: वाचन आणि द्वैभाषिकतेच्या संशोधकांना खुलं पत्र

माणूस भाषा कशी समजतो, कसा वाचतो आणि दोन-तीन भाषा एकाच डोक्यात कशा वागवतो, याचा अभ्यास करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी मराठी पुस्तकांची प्रूफं वाचते. 22 वर्षं हेच काम करते आहे. डोळा ओळीवर कुठे थांबतो, कशावरून घसरतो, काय न बघताच पुढे जातो, हे तुम्ही यंत्रांनी मोजता. माझ्या डोळ्यांनी काय पाहिलं नाही, हे मला पुस्तक छापून आल्यावर कळतं. सुरुवातीच्या काळात एका पुस्तकाच्या प्रकरणाच्या नावातच चूक राहिली आणि तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. छापलेल्या पुस्तकात माझ्याकडून सुटलेली चूक सापडली की ती वहीत उतरवायची: चुकीचं रूप, बरोबर रूप, आणि शब्द ओळीच्या सुरुवातीला, मध्ये की शेवटी होता. अशा 6 वह्या झाल्या आहेत. त्या वह्यांनी मला जे दाखवलं, ते तुमच्यापर्यंत पोचवावं म्हणून हे पत्र.

काना राहिला, अक्षर गळलं, 'प'चा 'फ' झाला, अशा चुका माझ्याकडून फारशा सुटत नाहीत. सुटतात त्या वेलांट्या आणि उकार. 'परीस्थिती', 'विद्यार्थि', 'पुर्ण'. त्यांच्या खालोखाल 'श'च्या जागी पडलेला पोटफोड्या 'ष'. सगळ्या वह्यांत हेच चित्र. पुष्कळ दिवस मी हा माझा निष्काळजीपणा समजत होते. मग तुमच्यातल्याच एकाचं काम वाचनात आलं. कॉरकोरन यांनी 1966 मध्ये इंग्रजी वाचकांना मजकुरातल्या प्रत्येक 'ई' (e) या अक्षरावर काट मारायला सांगितली होती, आणि ज्या 'ई'चा उच्चार होत नाही ती वाचकांच्या नजरेतून जास्त सुटली. डोळ्यांनी करायच्या कामात कान बसलेला होता. मला त्या दिवशी फार हायसं वाटलं. बोलताना आपण 'इ' आणि 'ई' यांत सहसा भेद करत नाही, 'श' आणि 'ष' यांत तर बहुतेकजण करतच नाहीत. माझा कान ज्याला एक म्हणतो, त्याला माझा डोळाही एक म्हणून सोडून देतो.

पण तिथेच थांबता येत नाही, कारण मराठीतली गोष्ट पुढे वेगळी होते. इंग्रजीतलं स्पेलिंग विचित्र असलं तरी एका शब्दाचं स्पेलिंग सहसा एकच राहतं. मराठीत 'फूल' दीर्घ आणि 'फुलाला' ऱ्हस्व. 'मूल' आणि 'मुलाला', 'गरीब' आणि 'गरिबाला'. एकाच शब्दाचे दोन्ही उकार, दोन्ही वेलांट्या वाचकाच्या डोळ्यांखालून रोज जातात आणि दोन्ही बरोबरच असतात. मग 'मुल' असं छापलेलं दिसलं तर डोळ्याला ते का खटकावं? माझी चूक सुटते ती कानामुळे, की सामान्यरूपाने डोळ्याला लावलेल्या या सवयीमुळे? हे दोन्ही वेगळं करून बघता येईल. 'ष'ला सामान्यरूपाचा फेरा नाही, वेलांटीला आहे. दोहोंच्या सुटण्याची तुलना केली की निदान दिशा कळेल. हा प्रश्न इंग्रजी वाचकाला समोर बसवून कुणाला सुचणार नाही.

आणखी एक. 1962 मध्ये मराठी लेखनाचे नियम ठरले आणि उच्चार नसलेले अनुस्वार गेले. त्याआधी 'नांव', 'पांच', 'कांहीं' असं लिहीत. म्हणजे कॉरकोरन यांची न उच्चारली जाणारी 'ई' मराठीतही होती, टिंबाच्या रूपात, आणि एका ठरावाने ती पुसली गेली. जुन्या पुस्तकाचं पुनर्मुद्रण करताना लेखन मूळ ठेवायचं ठरलं, तर ही टिंबं सांभाळणं हे प्रूफाच्या कामातलं सर्वांत दमवणारं काम आहे. ती लहानपणी गिरवलेले वाचक आता फार वयस्क झाले आहेत. ती टिंबं त्यांच्या डोळ्यांत अजून आहेत का, हे त्यांनाच बसवून पाहायला हवं, आणि त्याला फार वर्षं उरलेली नाहीत.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका प्रयोगात बसले. हनुवटी टेकूवर, कपाळ पट्टीला, समोर पडदा. वाक्यं मराठी होती, पण जोडाक्षरं फुटलेली. 'शक्ती'तल्या 'क'चा पाय मोडलेला, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी असायची ती पुढे जाऊन पडलेली, शेजारी टिंबांचं वर्तुळ. मी सांगितलं की हे मराठी नाही. उत्तर मिळालं की सगळ्यांना असंच दिसतंय, म्हणून तुलनेत फरक पडत नाही. मी प्रयोग पूर्ण केला, पण मन खट्टू झालं. पहिली वेलांटी ही देवनागरीतली नुसती सजावट नाही. ती लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी 2002 मध्ये हिंदी वाचकांवर नेमकं हेच तपासलं होतं: अशी वेलांटी असलेले शब्द उच्चारायला वाचक जास्त वेळ घेतात. ज्या खुणेवर वाचनाचा वेळ अवलंबून आहे, तीच जागा सोडून पडलेली असेल, तर त्या दिवशी माझ्या डोळ्यांचं जे मोजलं गेलं ते कशाचं मोजमाप होतं?

वाचनाबद्दलचं बरंचसं मूळ ज्ञान इंग्रजीवरून आलं आहे, हे तुम्हीच सांगितलेलं आहे. मॅक्कॉन्की आणि रेनर यांनी 1975 मध्ये सरकत्या खिडकीची युक्ती काढली (नजर असेल तिथली थोडीच अक्षरं दाखवायची, बाकीची झाकायची) आणि पुढच्या कामातून कळलं की इंग्रजी वाचकाला नजरेच्या डावीकडे तीन-चार आणि उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरांपर्यंत काही ना काही उपयोगी पडतं. हिब्रू वाचकांवर पाहिलं तेव्हा ही बाजू उलटली, कारण हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. केवढी सुंदर गोष्ट आहे ही! पण देवनागरीत 'अक्षर' म्हणजे काय मोजायचं? 'स्त्री' हे एक अक्षर की चार? मात्रा वर, उकार खाली, वेलांटी आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगरांमधली जागा एवढा फरक, आणि तो पेलते 'र'ची एक छोटी खूण. आमची ओळ नुसती आडवी पसरत नाही, ती उभीही असते.

डेव्हिड शेअर यांनी 2008 मध्ये वाचनाच्या संशोधनातल्या इंग्रजीकेंद्री दृष्टीवर लिहिलं, राम फ्रॉस्ट यांनी 2012 मध्ये सगळ्या लिपींना पुरेल अशा सिद्धान्ताची गरज मांडली. तेरा युरोपीय भाषांतल्या मुलांची तुलना 2003 मध्ये छापून आली तेव्हा दिसलं की शाळेचं पहिलं वर्ष संपताना बहुतेक भाषांतली मुलं बहुतेक शब्द अचूक वाचतात, इंग्रजी मुलं मात्र सुमारे एक तृतीयांशच. म्हणजे ज्या भाषेवर सगळं बेतलं, तीच अपवाद निघाली. दुसरीकडे सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांमध्ये पाहिलं की अक्षरांची ओळख चौथी-पाचवीपर्यंत पुरी होत राहते, कारण जोडाक्षरांसह ती शेकड्यांनी आहेत. ही मुलं मागे पडलेली नाहीत, त्यांच्यापुढचं कामच तेवढं मोठं आहे. हे न कळता दुसऱ्या लिपीचं वेळापत्रक लावलं की धडधाकट मुलावर 'वाचनात अडचण' असा शिक्का बसतो. हे लिहिताना मला राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

तेरा भाषांतल्या वाचकांच्या डोळ्यांच्या हालचालींचा मोठा संग्रह 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. फार मोलाचं काम. कोरियन, हिब्रू, रशियन, ग्रीक लिप्या त्यात आहेत. देवनागरी, कन्नड यांसारखी, ब्राह्मीतून निघालेली एकही लिपी त्या पहिल्या टप्प्यात नव्हती. हिंदी वाक्यांवर समर हुसैन, श्रवण वसिष्ठ आणि नारायणन श्रीनिवासन यांनी 2015 मध्ये असं काम केलं आहे, ही मोठी जमेची बाजू. पण हिंदीवर झालं म्हणजे मराठीचं झालं असं मानू नका. लिपी एक असली तरी हिंदी 'घर में' असं तोडून लिहिते आणि आम्ही 'घरात' असं जोडून. 'घराजवळच्यांनासुद्धा' हा आमचा एक शब्द आहे. इतका लांब शब्द एका नजरेत घेता येतो की दोन, आणि डोळा त्यात कुठे उतरतो, हे हिंदी सांगू शकणार नाही.

वाक्याचंही तेच. 'त्याने पत्र' एवढं वाचलं की वाचकाला ठाऊक असतं, पुढे 'लिहितो' येणार नाही. 'लिहिलं' येईल किंवा 'लिहावं'. 'ने'ने आधीच खूण करून ठेवलेली असते. पण 'मी पत्र' वाचलं तर लिहिते, लिहीन, लिहिलं, लिहावं, सगळंच मोकळं. मराठीत पहिल्या आणि दुसऱ्या पुरुषाला हा 'ने' लागत नाही. हिंदी वाचकाला 'मैंने'मध्ये तो मिळतो. क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषांत वाचक पुढचं किती ओळखून असतो, यावर तुमच्यात किती चर्चा चालते! इथे एकाच भाषेत, एकाच वाचकात, खुणेसह आणि खुणेवाचून अशी दोन्ही वाक्यं निसर्गतः तयार आहेत. वेगळी कृत्रिम वाक्यं रचायचीही गरज नाही.

आणि 'जात'. 'तो जात आहे' यातला 'ज' दंततालव्य, 'जमीन'मधल्यासारखा; माणसाची 'जात' यातला तालव्य, 'जेवण'मधल्यासारखा. लिहायला एकच अक्षर. शब्द वाचायचा तर अर्थ आधी कळायला हवा आणि अर्थ कळायचा तर शब्द आधी वाचायला हवा, अशी ही गाठ. 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, तिथेही हेच. मोठ्याने वाचताना इथे लोक क्षणभर अडखळतात, मागे येऊन उच्चार सुधारतात. मी शेकडो वेळा ऐकलं आहे, कारण दोघांनी मिळून प्रूफ तपासताना एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचतो.

आता द्वैभाषिकतेकडे येते. त्याच प्रयोगाआधी मला एक अर्ज भरायला दिला होता. मातृभाषा: एक लिहा. दुसरी भाषा कितव्या वर्षी शिकलात. दिवसाचा किती टक्के वेळ कोणती भाषा, बेरीज 100. मी पेन हातात धरून बसून राहिले. 'पुस्तक टेबलावर आहे' असं मी म्हणते तेव्हा 'टेबल' इंग्रजी आणि 'वर' मराठी असा हिशेब करायचा का? त्या 'टेबल'ला मराठी सामान्यरूप झालेलं आहे, ते आमच्या व्याकरणाचं घरचं माणूस झालं आहे. अंदाजे आकडे लिहून दिले. ते आकडे कुठल्या तरी तक्त्यात माझं वर्णन म्हणून गेले असतील, याचं मला अजून वाईट वाटतं.

फ्रांस्वा ग्रोजाँ यांनी 1989 मध्येच सांगितलं की द्वैभाषिक माणूस म्हणजे एका शरीरातली दोन एकभाषिक माणसं नव्हेत. पटतं, कारण माझ्या वहीत त्याचा पुरावा आहे. हिंदीतून अनुवादित झालेल्या एका चरित्राची प्रूफं मी वाचली. वाक्य होतं: 'मुलींच्या शिक्षेसाठी त्यांनी आयुष्य वेचलं.' हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. माझ्या समोर मराठी पान होतं, मी मराठी वाचत होते, तरी हिंदी अर्थ आतून पुढे आला, वाक्याला छान बसला आणि मी पुढे गेले. दोन्ही वाचनांत असंच झालं. छापून आल्यावर एका वाचकाने कळवलं. त्या चुकीची लाज मला अजून वाटते, पण ती काय सांगते तेही दिसतं. डच-इंग्रजी द्वैभाषिकांवर तुम्ही असे शब्द वापरता: 'रूम' या अक्षरांचा अर्थ डचमध्ये साय, इंग्रजीत खोली, आणि एका भाषेत वाचत असतानाही दुसरी पूर्ण गप्प बसत नाही. मराठी आणि हिंदीत लिपी तीच, उच्चारही जवळजवळ तोच, अर्थ मात्र दुसरा: यातायात, चेष्टा, संसार, राग. शिवाय त्याच वाचकाला इंग्रजी ही वेगळ्या लिपीतली भाषाही येत असते. एकाच माणसात समान लिपीची जोडी आणि भिन्न लिपीची जोडी, दोन्ही तपासायला मिळतील.

भाषा बदलण्याला किंमत पडते, आणि सरावातल्या भाषेकडे परतताना ती जास्त पडते, असं म्यूटर आणि ऑलपोर्ट यांनी 1999 मध्ये दाखवलं. पण ती किंमत सगळीकडे सारखीच असेल का? गम्पर्झ आणि विल्सन यांनी 1971 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या बोलींबद्दल लिहिलं आहे. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू शतकानुशतकं शेजारी नांदल्या आणि त्यांच्या वाक्यांची चौकट इतकी एक झाली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. चौकट एक, शब्द तीन तऱ्हांचे. अशा माणसाच्या डोक्यात 'भाषा बदलणं' म्हणजे नक्की काय बदलणं, हे विचारायला हवं.

निष्कर्षांबद्दलही बोलायचं आहे, कारण ते आम्हा लोकांपर्यंत तुकड्यातुकड्यांनी येतात. 1923 मध्ये वेल्समधल्या मुलांवरून सांगितलं गेलं की दोन भाषांनी मुलांची बुद्धी गोंधळते. 1962 मध्ये पील आणि लँबर्ट यांनी माँट्रियलच्या मुलांवरून उलट दाखवलं. मग द्वैभाषिकांचं लक्ष अधिक तल्लख असतं असं आलं. 2013 मध्ये पाप आणि ग्रीनबर्ग यांना तसं दिसलं नाही, आणि 2015 मध्ये डी ब्रुइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की परिषदांत मांडलेल्या अभ्यासांपैकी फायदा दाखवणारे जास्त छापले जातात. त्याच 2013 मध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांचा हैदराबादचा अभ्यास आला: स्मृतिभ्रंशाचे 648 रुग्ण, आणि द्वैभाषिकांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला, निरक्षरांतही. हा शेवटचा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे दुसरी भाषा शाळेतून आलेली नव्हती.

ही सगळी चढउतार मी इंग्रजीतून, चिकाटीने शोधून वाचली. घरात दोन भाषा बोलाव्यात की एकच ठेवावी, या चिंतेत असलेल्या पालकांपर्यंत मात्र फक्त शेवटचं शीर्षक पोचतं, आणि तेही कधीकधी 1923 चंच. त्या शीर्षकावर विसंबून घरातली एक भाषा बोलायची बंद होते. आजी आणि नातवंड यांच्यात मग बोलणं उरत नाही. तुमच्यातला वाद अजून मिटलेला नाही, हे त्या घराला त्याच्या भाषेत कुणी सांगितलं असतं तर कदाचित ती भाषा थांबली नसती.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. मराठी वाचकाला समोर बसवाल तेव्हा प्रश्न मराठीच्या पोटातून काढा. इंग्रजी वाक्यांची यादी भाषांतर करून आणू नका. पडद्यावरची लिपी मराठी वाचणाऱ्या माणसाकडून आधी तपासून घ्या, एक तास पुरतो. अर्जात भाषांची टक्केवारी विचारण्याऐवजी कोणाशी काय बोलता, काय वाचता, हिशेब कोणत्या भाषेत करता, हे विचारा. आणि प्रयोग संपल्यावर जे सापडलं ते, सापडलं नसेल तर तेही, त्यात बसलेल्या माणसांना त्यांच्या भाषेत दोन पानांत लिहून कळवा. मला कळवतो असं सांगितलं होतं. अजून कुणी कळवलेलं नाही.

वह्या माझ्याकडे आहेत. पहिलीतली शाई फिकी होत चालली आहे, आणि त्यातल्या काही खुणा माझ्याशिवाय कुणाला लागणार नाहीत. ज्यांना त्यांचा उपयोग असेल त्यांच्याशेजारी बसून मी एकेक नोंद समजावून सांगेन. त्यातून जे निघेल ते मराठीत लिहा. त्याची प्रूफं मी तपासून देईन, आणि माझ्या नजरेतून जे सुटेल ते सातव्या वहीत उतरवेन.

आपली,
एक प्रूफरीडर